हिरव्या शर्टाला तीट

ऑक्टोबर संपत आला की आमच्या घरात एके दिवशी एसी बंद होतो. तो दिवस कॅलेंडरवर नसतो. सकाळी आई खिडकी बोटभर सरकवते, हात बाहेर काढते, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तशी हवा बघते आणि म्हणते, "आज नको लावूस गं." मे महिन्यापासून कानात बसलेली घरघर थांबते आणि मग कळतं, की घरात इतके आवाज होते. खालच्या केरळी किराणावाल्याचं शटर. खिडकीच्या कठड्यावर घुमणारी कबुतरं. उन्हाळाभर काचेपलीकडून दबकी ऐकू येणारी संध्याकाळची बांग आता सरळ खोलीत येते. आणि आईचं शिलाई मशीन. ते वर्षभर चालूच असतं, पण नीट ऐकू येतं ते याच दिवसांत.

बहुतेकांना हा ऋतू आवडतो. समुद्रकाठच्या कॉर्निशवर माणसं चालायला लागतात, बायका डबे घेऊन बागेत बसतात, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमी सुरू होतात. मलाही आवडतो. पण मशीनचा आवाज मोकळा झाला की मला राग येतो. ऋतूबरोबर राग परत येतो असं लिहावं की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि कशावर लिहायचं असतं, कशावर नसतं, हे सांगणारं घरात कुणी नाही. त्यामुळे चुकत असेन तर चुकू दे.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तेव्हा दोन-तीन वर्षं बाकी होती. अख्खं दोहा उकरून ठेवलं होतं. अल मन्सूरातल्या आमच्या बिल्डिंगपासून समोरच्या भाजीवाल्याकडे जायला पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालावा लागायचा, आणि ते कुंपण दर आठवड्याला जागा बदलायचं. टॅक्सीवाले बसल्या बसल्या विचारायचे, "आज कौनसा रास्ता खुला है, मॅडम?" धूळ इतकी, की आई शिवायला आलेल्या साड्या-ब्लाउजांवर दिवसभर चादर टाकून ठेवायची. पप्पा रास लफानला, गॅसच्या कारखान्यांत, एका ठेकेदाराकडे फिटर. पहाटेच्या कंपनीच्या बसने जायचे ते शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी रात्री उगवायचे, आणि जेवताना सांगायचे की तिकडे सुद्धा सगळे एकच बोलतात: स्टेडियम, स्टेडियम.

त्या काळात इथे कुठलाही खेळ नुसता खेळ नव्हता, तो तयारी होता. गर्दी कशी सांभाळायची याची तयारी, पाहुण्यांकडे बघून हसायची तयारी. त्यातच एक स्पर्धा भरली. लहान लहान देशांतल्या मुलामुलींची. धावणं, पोहणं, ज्यूदो, अजून बरंच काही. तिचं नाव लांबलचक होतं, आम्ही सगळे नुसतं 'गेम्स' म्हणायचो. शाळेत नोटीस आली की फ्रेंच येणारे स्वयंसेवक हवेत. मी फ्रेंच घेतलं होतं कारण त्यात मार्क चांगले पडतात असं एक ताई म्हणाली होती. माझ्या वाट्याला कोमोरोसचा संघ आला.

"कुठं आलं हे?" आईने विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला. आफ्रिका आणि मादागास्करच्या मधे चार ठिपके. आईने नकाशाकडे धड पाहिलंही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि लवंगेचा पुडा घेऊन आली. आई आठवी शिकलेली. इंग्लिश ती एकेक अक्षर जोडून वाचते. पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक छापलेल्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"हेच ना? भातात टाकताना रोज बघते मी. कोमो-कोमो काहीतरी."

तेच होतं. लवंगा तिकडून आल्या होत्या.

"मग लांबचं कसं म्हणतेस?" आई म्हणाली. "वासानं तर आपल्याच घरात आहे."

सहा मुलं आणि एक माणूस असा तो संघ होता. माणूस म्हणजे सईदसर. ते गावच्या शाळेत शिकवत, आणि इथे तेच कोच, तेच मॅनेजर, तेच डॉक्टर. दोन मुलगे पोहणारे, चार मुली. पोहण्याचा तलाव शहराच्या एका टोकाला आणि धावण्याचं मैदान दुसऱ्या टोकाला. सईदसर कायम या दोन्हींच्या मधल्या बसमध्ये असायचे. मोठ्या संघांना प्रत्येक खेळासाठी वेगळा मॅनेजर असतो हे मला तेव्हा प्रथम कळलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ती माणसं खेळाडूंच्या मागेपुढे फिरायची आणि काही अडलं की फक्त दोन शब्द बोलायची. दार उघडायचं.

चौघींपैकी नजाती सगळ्यात वेगवान. बोलायची कमी, पण जिना चढतानाही तिचे पाय आधी निघायचे आणि ती मागून यायची. हदिजा ज्यूदोवाली. पहिल्याच लढतीत हरली, बाथरूममध्ये जाऊन रडली, मग बाहेर येऊन बिर्याणीच्या लाइनीत उभी राहिली आणि मला म्हणाली, "रडल्यावर भूक लागते, तुमच्याकडे पण?" बाकीच्या दोघी सदान् कदा एकमेकींच्या कानात बोलायच्या. आईने नंतर त्यांचं नाव 'कुजबुज कंपनी' ठेवलं. त्यांच्या गावात ट्रॅक नाही. काळ्या लाव्ह्याच्या खडकांतून जाणाऱ्या रस्त्यावर त्या धावतात, आणि रिलेचा बॅटन म्हणून पाण्याच्या पाइपचा कापलेला तुकडा वापरतात. नजाती शंभर मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाली. त्यामुळे आता त्या चौघींचं सगळं एकाच गोष्टीवर आलं होतं: चार गुणिले शंभरची रिले. सईदसरांच्या शाळेतून मुलींची रिले याआधी कुठे गेली नव्हती. ज्यूदोवाल्या हदिजाला तिसऱ्या टप्प्यावर घेतलं होतं, कारण चौथी धावणारी मुलगीच नव्हती.

त्यात त्यांची कपड्यांची बॅग वाटेत कुठल्यातरी विमानतळावर राहिली. उद्घाटनाच्या संचलनात त्या आमच्या स्वयंसेवकांच्या शर्टांत चालल्या. निवेदिका म्हणाली, "लहानसा देश, पण हृदय केवढं मोठं." सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. कॅमेरावाल्यांना या चौघी फार आवडल्या. त्यांना एका रांगेत उभं केलं, हसायला लावलं, पळत पळत कॅमेऱ्याकडे यायला लावलं, पुन्हा पळायला लावलं. हदिजाने मला विचारलं, "आम्ही अजून कुठलीच शर्यत जिंकलो नाही, मग हे कशाचं शूटिंग?" याचं उत्तर मला आता येतं, पण ते पुढे.

रिलेत चौघींचे कपडे एकसारखे लागतात, तो नियमच आहे, आणि छापील चिन्हांचे आमचे शर्ट मैदानावर चालत नाहीत. सईदसरांनी अर्ज केला, आणि साधे हिरवे शर्ट, काही लिहिलेलं नाही, कसलं चित्र नाही, असे चालतील अशी परवानगी मिळाली. शर्ट आणायचे कुठून, एवढंच राहिलं. मी घरी येऊन नुसतं बोलले. आई ब्लाउजला हूक लावत होती. तिने दातातला दोरा काढला आणि म्हणाली, "पोरींना घेऊन ये. मापाशिवाय मी शिवत नाय."

त्या आल्या तो दिवस मला अजून दिसतो. आमच्या एका खोलीत चार खेळाडू, आई, मशीन, कपाट आणि पलंग. आईला फ्रेंच नाही, मुलींना हिंदी नाही. मधे अरबीचे चार तुकडे होते, आणि आईने त्यांवर सगळं निभावलं. हात वर करायला लावायचा तर "यल्ला". झालं की "खलास". टेप छातीभोवती धरून ती मराठीतच म्हणायची, "श्वास घे. आता सोड. पळताना दम लागंल तेव्हा शर्ट आडवा नको यायला." आणि त्या बरोबर श्वास घेऊन सोडायच्या.

हदिजाचे खांदे मोजताना आई मागे सरकून तिच्याकडे बघतच राहिली. "हिच्या एका खांद्यात आपल्या दोन पोरी बसतील. हिला विचार, काय खाती?"

मी विचारलं. हदिजा म्हणाली, "सांग, मारामारी खाते." आणि तिने आमचा तक्क्या उचलून असा काही आपटला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी येऊन दार वाजवलं. आई हसून हसून पलंगावर बसली. मग चहा झाला. लवंगेचा पुडा दाखवला, तेव्हा कुजबुज कंपनी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. नजातीने पुडा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. तिच्या घरी लवंगा अंगणात चटईवर वाळत घालतात, आणि त्यांवरून धावलं की आजी ओरडते. आईने ते समजून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पळायला तिथनंच शिकली."

शिवताना आईने दोन्ही बाजूंच्या शिवणीत बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडली. मी म्हटलं, "एकदाच घालायचेत, आई."

"वाढायच्या वयाच्या पोरी आहेत," ती म्हणाली. "उसवून मोठं करता आलं पाहिजे."

शर्ट तयार झाले. सईदसरांनी त्यांचा फोटो पाठवला, होकार आला. रिलेच्या दिवशी सकाळी आईने ते घडी करून माझ्या पिशवीत ठेवले. तोवर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका मुलींना बघून गेल्या होत्या. नजाती कॉरिडॉरमध्ये धावून दाखवताना नाशिकच्या शेजारीण काकू म्हणाल्या होत्या, "अगं बाई, काय पाय आहेत पोरीचे." आईच्या मनात ते राहिलं असणार. लहान मूल बाहेर न्यायचं, नवं काही घालायचं, कुणी फार कौतुक केलं, की आई काहीतरी काळं लावतेच. मी बोर्डाच्या परीक्षेला गेले तेव्हा माझ्या कानामागे काजळ होतं. पण शर्टाला काजळ लावलं तर डाग पडेल. म्हणून तिने मला न सांगता प्रत्येक शर्टाच्या खालच्या काठावर, डाव्या बाजूला, दुहेरी काळ्या दोऱ्याचा टाका घातला. तिळाएवढा. ती तीट होती.

मैदानावर धावायला जायच्या आधी खेळाडूंना एका खोलीत बसवतात. तिथे बुटांचे खिळे तपासतात, छातीवरचा क्रमांक बघतात, पिशवीत फोन नाही ना ते बघतात. ठरलेली वेळ झाली की दार बंद. दाराशी टेबल होतं, टेबलावर चिकटपट्टीचा रोल होता, आणि टेबलामागे करंदीकरकाका होते.

करंदीकरकाका मूळचे पुण्याचे. गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कॉलेजात धावायचे, म्हणून पंचांच्या परीक्षा देऊन ते अशा स्पर्धांना अधिकारी म्हणून उभे राहायचे. मंडळात त्यांना मान होता, आणि करंदीकरकाकूंचे ब्लाउज माझी आई शिवायची. त्यांना पाहून मला इतकं हायसं वाटलं, की मी नकळत "काका" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि इंग्लिशमध्ये म्हणाले, "गुड आफ्टरनून. टीम?"

आमच्या पुढे एका मोठ्या संघाच्या मुली होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या पिशवीवर तळहाताएवढं कंपनीचं चिन्ह होतं. काकांनी स्वतः चिकटपट्टी कापली, त्यावर लावली, अंगठ्याने दाबली, हसले. त्यांच्या मॅनेजरने "थँक यू" म्हटलं. त्या आत गेल्या.

मग आमच्या चौघी. बूट ठीक. क्रमांक ठीक. शर्टाचा काठ त्यांनी दोन बोटांत धरला.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. मला तेव्हाच दिसलं ते, आणि तेव्हाच समजलं.

"दोरा आहे, काका."

मागे एक परदेशी बाई वॉकीटॉकी घेऊन उभ्या होत्या. त्या प्रमुख. त्यांनी फोटो काढून बघितला, मंजूर झालेल्या फोटोशी ताडून बघितला आणि म्हणाल्या, हे चिन्ह त्यात नव्हतं. चारही शर्टांवर एकाच जागी आहे म्हणजे ते चुकून नाही. कसलं चिन्ह आहे? धार्मिक? राजकीय?

इथे एक माणूस बोलायला हवा होता. सईदसर तलावाकडून येणाऱ्या बसमध्ये होते. मी तोंड उघडलं तर बाई शांतपणे म्हणाल्या, "स्वयंसेवकांना टीमच्या वतीने बोलता येत नाही." हदिजा फ्रेंचमध्ये मला विचारत होती, काय झालं, काय म्हणतायत. मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, आडनावासकट, जसं काही मला ओळखतच नव्हते. मग बाई वॉकीटॉकीवर बोलायला वळल्या, तेव्हा ते हळूच मराठीत म्हणाले, "तीट आहे ना? वहिनींनी घातली असणार."

"हो काका. सांगा ना त्यांना. शिंपिणीचा टाका आहे म्हणा नुसता."

"आता हे मी यांना काय समजावू, बाळ? अंधश्रद्धा म्हणतील. आपलंच हसं होईल."

"मग पट्टी लावा. आत्ता लावली तशी."

"ती पिशवीला लावतात. अंगावरच्या कपड्याला नाही." आणि मग, बाई परत वळल्याबरोबर, इंग्लिशमध्ये: "दे हॅव टु रिमूव्ह इट."

कात्री त्या खोलीत नेता येत नाही. त्यामुळे आमच्याजवळ नव्हतीच. हदिजाला मी सांगितलं, तशी ती खाली बसली, कुजबुज कंपनीतल्या एकीच्या शर्टाचा काठ तोंडात धरला आणि दाताने टाका तोडायला लागली. आईची गाठ साधी नसते. ती आत नेऊन, दोनदा फिरवून, कापडाखाली लपवते. एक सुटला. मग दुसरा. मग तिने आपला शर्ट पोटावरून वर ओढून स्वतःचा तोडला. तिच्या ओठाला दोऱ्याने कापलं होतं, हिरव्यावर रक्त लागू नये म्हणून ती मधे मधे तळहाताला तोंड पुसत होती. नजाती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे पाय जागच्या जागी हलत होते. आतल्या मुली आमच्याकडे बघत होत्या. एक दोघी उठून उभ्याही राहिल्या. हदिजा नजातीच्या शर्टाशी वाकली, आणि चौथा टाका तोडून उठेपर्यंत करंदीकरकाकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दार लावलं. जोरात नाही. पाहुणे झोपलेत त्या खोलीचं लावावं तसं.

रिले झाली. आम्ही ती ऐकली, दाराच्या अलीकडून. बंदुकीचा आवाज, मग टाळ्यांचा. बोर्डावर कोमोरोसच्या नावापुढे तीन इंग्लिश अक्षरं आली. त्यांचा अर्थ असा, की या संघाने सुरुवात केली नाही. तेवढंच. बॅग हरवली, शर्ट शिवले, दाताने टाके तोडले, यातलं काही त्या तीन अक्षरांत मावत नाही. वाचणाऱ्याला वाटेल त्या चौघी खोलीवर झोपून राहिल्या असतील. सईदसर धापा टाकत आले तेव्हा त्यांच्या हातात पोहणाऱ्या मुलाचा ओला टॉवेल होता. मुलींकडे बघत ते तोच पिळत उभे राहिले.

मला नियमांचा राग नाही. खरंच नाही. खिळे तपासलेच पाहिजेत, कपडे सारखे असलेच पाहिजेत. मला राग याचा आहे, की नियम ज्याच्यामागे माणूस उभा आहे त्याच्यापाशी वाकतो, आणि ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यापाशी एकदम ताठ होतो. आणि मग त्याच लोकांना म्हणायचं, लहान देश, मोठं हृदय. त्या दिवसांत सगळं जग या कतारलाही एवढासा म्हणत होतं. एवढासा देश, याला कसला वर्ल्ड कप झेपतोय. इथल्या शाळांत, ऑफिसांत, टॅक्सीत लोक त्या शब्दावर चिडायचे, आम्ही बाहेरून आलेलेही चिडायचो, कारण हे आमचंही गाव होतं. एवढासा म्हटल्यावर कसं लागतं हे ज्या शहराला इतकं ठाऊक होतं, त्याच शहरातल्या एका खोलीत हे झालं. मला अजून ते जुळवता येत नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "पळाल्या?"

"उशीर झाला. दार बंद झालं."

"शर्ट नीट बसले?"

"एकदम नीट."

एवढंच. तिच्या टाक्यामुळे दार बंद झालं हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती जन्मभर ते स्वतःच्या अंगाला लावून बसली असती. आणि त्या वेळी मशीनवर करंदीकरकाकूंचा दिवाळीचा ब्लाउज होता. पप्पांना मात्र मी गुरुवारी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "आपण इथं पाहुणे. पाहुण्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये." पप्पांवर मी रागावू शकत नाही. तीस माणसांच्या बसमध्ये झोपून ते कामावर जातात. पण कोमोरोसच्या मुली तर आमच्याहून जास्त पाहुण्या होत्या.

दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात गेम्सची फिल्म दाखवली. पडद्यावर त्या चौघी, आमच्या स्वयंसेवकांच्या शर्टांत, हसत हसत कॅमेऱ्याकडे पळत येत होत्या. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना जागा आहे. हे त्याचं शूटिंग होतं. करंदीकरकाका माइकवर म्हणाले, "खेळ माणसं जोडतो. आणि आपल्या मंडळाची ही लेक त्या मुलींच्या बरोबर होती." मला वर बोलावलं, हातात प्रमाणपत्र दिलं. मी माइककडे हात केला. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "फार लाजाळू आहे आमची पोर." सभागृह हसलं. आई पहिल्या ओळीत नव्हती, पण मला तिच्या टाळ्या ओळखू येतात.

मग वर्ल्ड कप आला आणि गेला. पत्र्याची कुंपणं उठली, मेट्रो अंगवळणी पडली, शहर इस्त्री केल्यासारखं दिसायला लागलं. मी कॉलेजात गेले. ती फिल्म अजून कुठे कुठे लागते. एकदा आमच्या कॉलेजच्या लॉबीत लागली होती, मी उलट्या दिशेने चालत गेले.

या वर्षी एसी बंद झाला त्याच दिवशी नजातीचा फोटो आला. ती आता शाळेत लहान मुलांना धावायला शिकवते. काळ्या खडकांमधला रस्ता, मागे समुद्र, आणि तिच्या अंगात तोच हिरवा शर्ट. मी फोन आईला दिला. ती चष्मा वर करून, फोन नाकाजवळ नेऊन बघायला लागली. चेहरा तिने शेवटी बघितला.

"बाजूची माया उसवून घेतलीय," ती म्हणाली. "बघ, आतलं कापड जास्त हिरवं आहे. सांगितलं होतं ना तुला." मग तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. खाली, डाव्या काठावर. काळा टाका होता.

"हा माझा नाय," आई म्हणाली.

मी फोन परत घ्यायला गेले, तिने सोडला नाही.

"माझा टाका असा वाकडा असतोय का कधी? हा कुणीतरी नवशिक्यानं घातलाय. माझा कुठं गेला?"

मग मी सगळं सांगितलं. खोली, टेबल, चिकटपट्टी, हदिजाचा ओठ. आई मशीनवर बसून ऐकत होती, एक हात चाकावर ठेवून. मला भीती होती ती तेच म्हणेल. माझ्यामुळं झालं म्हणेल. तिने दुसरंच विचारलं.

"टेबलावर कोण होतं?"

"करंदीकरकाका."

"त्यांना ठाऊक होतं काय आहे ते?"

"हो. मला म्हणाले, तीट आहे ना."

आईने चाकावरचा हात काढला. खिडकीतून कबुतरांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे दृष्ट बाहेरच्याची नव्हती."

मशीनवर करंदीकरकाकूंचा या दिवाळीचा ब्लाउज होता. एक बाही लागलेली, एक नाही. आईने सुई वर केली, दोरा तोडला, ब्लाउजची घडी केली, सुटी बाही त्यात ठेवली, आणि सगळं पिशवीत घातलं.

"हे फरीज बिन ओमरानला, त्यांच्या घरी नेऊन दे. म्हणावं, राहिलेलं दुसरीकडनं शिवून घ्या."

"का म्हणून विचारलं तर?"

"तर म्हणावं, साहेबांना विचारा. घरातच आहेत की."

मी पिशवी घेतली. मला वाटलं आता ती मला पप्पांचं वाक्य सांगेल, पाहुणे वगैरे. ती फोटोकडेच बघत होती.

"आणि त्या पोरीला लिही. टाका वाकडा आहे, पण गाठ बरोबर मारलीस."

मी फ्रेंचमध्ये लिहिलं. लगेच उत्तर आलं: चौघींच्या शर्टांवर आहे, हदिजाने घातलेत, म्हणून वाकडे.

पिशवी दाराशी ठेवली आहे. हे लिहून झालं की मी निघणार आहे. काकू दार उघडतील, "आत ये, चहा घे," म्हणतील, आणि काका बहुधा सोफ्यावर असतील. मला अजून पहिलं वाक्य नीट येत नाही. बाहेर हवा चांगली झाली आहे. मेट्रो न घेता चालतच जाईन; तेवढ्या वेळात पाठ होईल.